वसईच्या युद्धांतील मराठे व पोर्तुगीज यांचें बलाबल
(इ. स. १७३७–१७३९)

वसईच्या मोहिमेविषयीं मराठींत लिहिलें गेलेलें थोडें नाहीं. साष्टीची बखर, ब्रह्मेंद्रस्वामींच्या पत्रव्यवहारांत सांपडलेलीं चिमाजीअप्पांचीं पत्रें, पेशवे दप्तरांतून निवडलेल्या कागदांचा सोळावा खंड, कै. यशवंत नरसिंह केळकर यांचा या मोहिमेवरील ग्रंथ, आणि कै. पांडुरंग पिसुर्लेकर यांनीं गोव्याच्या दप्तरखान्यांतून उजेडांत आणलेलीं पोर्तुगीज साधनें, इतकी सामग्री पुढें असतां सबंध हकीकत पुन्हां सांगण्याचें प्रयोजन नाहीं. प्रस्तुत लेखांत एकाच प्रश्नाचा विचार केला आहे. इ. स. १७३७ पासून १७३९ पर्यंत जे दोन शेजारी एकमेकांवर तुटून पडले त्यांत बळ कोणाचें अधिक होतें, आणि तें अधिक होतें असें आपण कोणत्या मापानें म्हणतों?

या प्रश्नास दोन ठरीव उत्तरें आहेत. पोर्तुगीज लेखक व त्यांचे अनुयायी म्हणतात कीं, मूठभर लोकांवर टोळधाड आली, मग टिकाव कसा लागावा? आमच्याकडील लेखक म्हणतात कीं, फिरंग्यांजवळ युरोपांतील तोफा व दगडी कोट, आमच्याजवळ केवळ छाती. तरीहि आम्हीं कोट घेतला. दोन्ही उत्तरें आपापल्या घरीं ऐकावयास गोड आहेत. परंतु दोहोंतहि एकच दोष आहे. शत्रूचें तेवढें मोजावयाचें व आपलें मोजावयाचें नाहीं, ही ती रीति.

कौटिल्यानें अर्थशास्त्राच्या नवव्या अधिकरणाच्या आरंभींच शक्ति, देश व काल यांच्या बलाबलाचा विचार केला आहे. शक्तींत उत्साहापेक्षां प्रभाव, म्हणजे कोश व दंड, श्रेष्ठ. आणि त्याहिपेक्षां मंत्र, म्हणजे ज्ञान व मसलत, श्रेष्ठ, असें त्याचें मत. नंतर तो पूर्वाचार्यांचीं मतें सांगतो. कोणी देशास प्राधान्य देतात, कारण जमिनीवर कुत्रा मगरीस ओढतो व पाण्यांत मगर कुत्र्यास ओढते. कोणी कालास देतात, कारण दिवसां कावळा घुबडास मारतो व रात्रीं घुबड कावळ्यास. कौटिल्य या वादांत कोणाचीच बाजू घेत नाहीं. शक्ति, देश व काल हीं परस्परांस साधक आहेत, असें सांगून तो मोकळा होतो. पस्तीस वर्षें मुलांस संस्कृत शिकवितांना हा कुत्र्यामगरीचा दृष्टांत मीं केवळ शब्दार्थापुरता सांगितला. वसईचे कागद वाचूं लागल्यावर त्याची खरी किंमत कळली.

प्रथम पोर्तुगीजांकडील मोजदाद घेऊं. गुजराथच्या बहादूरशहानें इ. स. १५३४ च्या डिसेंबरांत वसई त्यांस दिली, तेव्हांपासून दोनशें वर्षें उत्तर प्रांताची ही राजधानी होती. कोटाचा घेर सुमारें दीड मैल, कोनाकोनावर बुरूज, एक दरवाजा खुष्कीस व एक बंदरास. वसईवरील ग्रंथांतून एक याद वारंवार उतरून घेतलेली आढळते. तींत कोटावर ९० तोफा, पैकीं २७ पितळी. उखळी तोफा ७०, पैकीं ७ पितळी. आणि बंदरांत २१ लढाऊ गलबतें, प्रत्येकावर सोळा ते अठरा तोफा, असा तपशील आहे. कोटावरील आंकडा संभवनीय दिसतो. गलबतांचा मात्र मला पटत नाहीं. एकवीस गलबतांवर सरासरी सतरा तोफा धरल्या तरी साडेतीनशेंवर तोफा केवळ पाण्यावर होतात. एवढें आरमार जर वसईच्या बंदरांत लढण्याजोगें उभें असतें, तर खाडीपलीकडचीं ठाणीं मराठ्यांस घेतां व राखतां आलीं नसतीं. ही याद कोणत्या तरी चांगल्या वर्षाची, किंवा असावें असें वाटणाऱ्या आरमाराची आहे. १७३९ त हजर असलेल्या आरमाराची नव्हे.

युद्ध संपल्यावर पोर्तुगीजांनीं आपल्या नुकसानीचा जो हिशेब मांडला त्यांत ३४० गांवें व ५९३ तोफा गेल्याचें नमूद आहे. हा आंकडा आमचे लेखक अभिमानानें देतात, व तो द्यावाहि. पण त्याचा दुसरा अर्थ कोणी पाहात नाहीं. या तोफा एका ठिकाणीं नव्हत्या. ठाणें, वेसावें, माहीम, केळवें, तारापूर, अशेरी अशा वीसएक लहानमोठ्या कोटांत त्या वाटल्या होत्या. प्रत्येक कोटास गोलंदाज हवेत, दारू हवी, तोफेचा गाडा मोडला तर सुतार हवा. तोफ हें बळ खरें. पण माणसावांचून व दारूवांचून पडलेली तोफ शत्रूसाठीं राखून ठेवलेली ठेव होय. जें ठाणें पडे त्यांतील तोफा मराठ्यांकडे जात, म्हणजे एका बाजूस एक उणी होई व दुसऱ्या बाजूस एक अधिक.

आतां मराठ्यांकडील मोजदाद. कांहीं वृत्तांतांत चिमाजीअप्पांच्या शेवटच्या स्वारींत ४०,००० पायदळ, २५,००० स्वार, सुरुंगाचें काम जाणणारे ४,०००, उंट ५,००० व हत्ती ५० होते असें लिहिलें आहे. हे आंकडे शाळेच्या पुस्तकापासून व्याख्यानापर्यंत सर्वत्र फिरतात. जो संग्राहक आहे त्यानें आंकडा दिसतांच तो मानण्यापूर्वीं त्यास खाऊं घालून पाहावा. घोड्यास दिवसाचा दाणा अवघा दोन शेर धरला तरी २५,००० घोड्यांस ५०,००० शेर, म्हणजे चाळीस शेरांच्या मणानें १,२५० मण लागतो. ४०,००० माणसांस शेर-शेर तांदूळ धरले तर आणखी १,००० मण. एकूण २,२५० मण, तेंहि वैरण, उंट, हत्ती व बाजारबुणगे सोडून. बैलाच्या पाठीवर तीन मण घातले तर रोज साडेसातशें बैल छावणींत रिकामे झाले पाहिजेत. १७ फेब्रुवारीपासून १६ मेपर्यंत वेढा अठ्ठ्याऐशीं दिवस चालला. त्या हिशेबानें दोन लाख मण धान्य होतें. आणि हें सर्व कोठें? तर वसईच्या बेटावर, जेथें एका अंगास केळीं-ऊंस-पानवेलींच्या बागाइती, दुसऱ्या अंगास खाजण, आणि फाल्गुनानंतर गोड्या पाण्याच्या विहिरी तेवढा आधार. पंचवीस हजार घोडीं तेथें महिनाभर जगलीं नसतीं. शिवाय तटावर घोडा चढत नाहीं, हें निराळेंच.

यावरून मराठ्यांची फौज लहान होती असें माझें म्हणणें नाहीं. ती पोर्तुगीजांच्या कित्येक पट होती यांत संशय नाहीं. परंतु जो हरतो त्यास शत्रूचा आंकडा वाढविण्याची गरज असते, आणि जो जिंकतो त्यास तो कमी करण्याचें कारण नसतें. म्हणून असा आंकडा दोघांच्याहि संमतीनें फुगत जातो.

संख्येपेक्षां प्रतवारी महत्त्वाची. अर्थशास्त्रांत मौल, भृत, श्रेणी, मित्र, अमित्र व आटविक असे सैन्याचे सहा प्रकार सांगितले आहेत. ते येथें ताडून पाहिले असतां उभयपक्षांचें खरें चित्र उघडें होतें. पोर्तुगीजांचें मौल बळ म्हणजे युरोपांतून आलेला शिपाई. तो शूर, कवायती. पण लिस्बनाहून निघालेलें जहाज येथें पोंचावयास सहा-सहा महिने लागत, व वर्षास येणारीं जहाजें बोटांवर मोजण्यासारखीं. भृत बळ म्हणजे पगारी देशी शिपाई. तिजोरी भरलेली असेल तोंवर तो उभा. जमीनदार फिरंग्यांस सनदेच्या अटीप्रमाणें घोडा व हत्यारबंद माणूस ठेवणें भाग होतें, पण दोनशें वर्षांच्या सुबत्तेंत ती अट कागदावर उरली होती. आणि ज्या रयतेतून श्रेणीबळ उभें राहावयाचें, ती देवळें, सणवार व लग्नकार्यें यांवरील निर्बंधांनीं दुखावलेली. अंजूरच्या नाईक घराण्यानें, विशेषतः गंगाजी नाइकानें, पेशव्यांकडे जो लकडा लावला तो याच दुःखांतून. खाडी कोठें उतरतां येते, ठाण्याच्या नव्या कोटाचें बांधकाम कोठवर आलें आहे, पहाऱ्यावर कोण आहे, ही बातमी घरच्या माणसांकडून मराठ्यांस मिळाली. कौटिल्य ज्यास मंत्रशक्ति म्हणतो ती हीच. ठाण्याचा कोट १७३७ च्या वसंतांत हातीं आला तो मुख्यतः या बळावर. बांधकाम पुरें झालें असतें तर गोष्ट इतकी सोपी झाली नसती.

मराठ्यांकडे भृत बळ म्हणजे शिलेदार, हशम, बेलदार, गोलंदाज. मित्रबळ म्हणजे मानाजी आंग्रे, व त्यांतहि घोळ होता. कान्होजींमागें आंग्र्यांत भाऊबंदकी लागली, तेव्हां कुलाबा घेतांना मानाजीस पोर्तुगीजांनींच मदत केली होती; पुढें त्यांचें बिनसलें. म्हणजे तीनचार वर्षांपूर्वींचा मगरीचा सोबती आतां कुत्र्याच्या बाजूस आला. दोन राज्यांचें बळ मोजतांना तिसऱ्याचें वजन कोणत्या पारड्यांत आहे हें महिन्यामहिन्यास पाहावें लागतें.

येथें जमिनीचें थोडें वर्णन करणें अवश्य आहे. माझें वास्तव्य तुळिंज येथें. सोपाऱ्याच्या पूर्वेस, टेकडीच्या पायथ्याशीं हें गांव. टेकडीवर चढून पाहिलें असतां पाठीमागें तुंगारेश्वराचा डोंगर, समोर पश्चिमेस सोपारें, निर्मळ व पलीकडे समुद्र, आणि नैर्ऋत्येस वसई. मधला पट्टा सखल, खारवट. पूर्वीं भरतीचें पाणी यांत फिरे व वसईचें बेट खरोखरीच बेट होई. आतां तेथें इमारतींची दाटी झाली आहे, तथापि पाणी आपली जुनी जागा विसरलेलें नाहीं. नोकरींत असतांना कित्येक जुलै महिन्यांत वहाणा हातांत घेऊन, गुडघाभर पाण्यांतून तुळिंज रस्त्यानें मीं घर गाठलें आहे. एप्रिलांत याच जमिनीस भेगा पडलेल्या असतात. म्हणजे जो प्रदेश वैशाखांत कुत्र्याचा, तोच आषाढांत मगरीचा. वसईच्या युद्धाची किल्ली, माझ्या समजुतीनें, या एका गोष्टींत आहे.

१७३७ त मराठ्यांनीं ठाणें, साष्टीचा बहुतेक भाग व अर्नाळा हीं झपाट्यानें घेतलीं. अर्नाळ्याचा कोट पुढें बाजीरावांच्या नांवानें नवा बांधला गेला. त्याचा शिलालेख दरवाज्यावर आहे. परंतु वसईस हात घातला तो पावसाळा तोंडावर आल्यावर. शिड्या लावून तटावर चढण्याचे प्रयत्न झाले व फसले. पुढल्या वर्षाच्या आरंभीं माहीमास वेढा पडला असतां समुद्रमार्गें पोर्तुगीज कुमक आली, आणि मराठ्यांस मोठा मार खाऊन वेढा उठवावा लागला. याच सुमारास होळकर-शिंद्यांच्या फौजा बाजीरावांबरोबर भोपाळाकडे निजामाशीं गुंतल्या होत्या. आता पाहा: दोन्ही पक्ष तेच, तोफा त्याच, कोट तोच. १७३८ च्या जानेवारींत कोणी बलाबल मांडलें असतें तर कौल पोर्तुगीजांकडे गेला असता.

पुढल्या हंगामांत चिमाजीअप्पांनीं केलें तें असें कीं, मगरीस पाण्यावेगळी केली. ठाणें परत घेण्याच्या खटपटींत पेद्रु द मेलु हा पोर्तुगीज सेनापति १७३८ च्या अखेरीस पडला. १७३९ च्या जानेवारींत माहीम, केळवें, शिरगांव, तारापूर हीं किनाऱ्यावरील ठाणीं एकामागून एक घेतलीं. तारापुरास बाजी भीवराव रेठरेकरांसारखा माणूस खर्चीं पडला. अशेरीहि आली. तिकडे गोव्यावर व्यंकटराव घोरपडे उतरले व मडगांव घेऊन राचोलास भिडले. त्यामुळें विजरई कोंद द सांदोमील यास गोव्याचीच चिंता पडली, वसईकडे पाठवावयास माणूस उरला नाहीं. वसंतांत वेसावें व धारावी पडून खाडीचें दक्षिण तोंडहि मराठ्यांकडे आलें, आणि मानाजीनें उरण घेतलें. उरला मुंबईचा इंग्रज. त्याजकडे पोर्तुगीजांनीं हात पसरला, तेव्हां पंधरा हजार रुपये मिळाले, तेहि देवळांतील चांदीचीं भांडीं व पितळी तोफा तारण ठेवून. शेजारी बुडत असतां इंग्रजानें गहाणखत लिहून घेतलें, हें त्या जातीस शोभण्यासारखेंच झालें. परंतु आपल्या विषयापुरता यांतील मुद्दा असा कीं, ज्याच्या कोटावर ९० तोफा आहेत त्यास पंधरा हजारांसाठीं देवघरचीं भांडीं काढावीं लागतात. कोशबळ संपलें होतें, आणि कोश संपला कीं भृत बळ फार दिवस पुरत नाहीं.

इतकें होऊनहि वसई सहज पडली नाहीं. वेढ्यांत जनराल सिल्वैरा द मेनेझिश मारला गेला. त्याच्या जागीं आलेल्या काइतान द सोझानें तशीच झुंज चालू ठेविली. मराठ्यांचे मोर्चे खुष्कीच्या बाजूनें, रेतींतून व दलदलींतून, हात-हात पुढें सरकले. चिमाजीअप्पांनीं स्वतः आपल्या पत्रांतून शत्रूच्या शौर्याची वाखाणणी केली आहे. १३ मे रोजीं सेंट सेबास्त्यान बुरुजाखालीं सुरुंग उडाले. एक सुरुंग वेळेवर न उडतां चढाई करणारे लोक वर गेल्यावर उडाला व त्यानें आपलेच लोक घेतले. त्याच दिवशीं दुसऱ्या बाजूस होळकरांचे लोक झगडत होते. आंतून गरनाळा, दगड, पेटलेलीं लांकडें यांचा वर्षाव होत होता. बुरूज अखेर हातीं आला, आणि १६ मे रोजीं तहाचीं कलमें ठरलीं. २३ मे रोजीं पोर्तुगीज आपल्या निशाणांसह, वाद्यें वाजवीत बाहेर पडले. ग्रँट डफानें मराठ्यांकडील ठार व जखमी पांच हजारांवर, तर पोर्तुगीजांकडील आठशें दिले आहेत.

‘माझें शिर तरी तोफेंत घालून कोटांत टाका’ या आशयाचे चिमाजीअप्पांचे म्हणून सांगितले जाणारे उद्गार मुलांस फार आवडतात. माझ्याहि वर्गांत आवडत. ती आख्यायिका उत्साहशक्तीची आहे. पण तट पडला तो बेलदारांच्या पहारीनें.

आतां काल पाहूं. १६ मेनंतर मृग किती दूर होता? सुमारें तीन आठवडे. मृग लागतां मोर्च्यांत पाणी शिरलें असतें, दारू भिजली असती, आणि १७३७ प्रमाणें पुन्हां वेढा उठला असता. त्याच वेळीं नादीरशहा दिल्लींत येऊन बसलेला होता व बाजीराव उत्तरेकडील वाटेकडे डोळे लावून होते. दुसरा हंगाम या कामास मिळेल अशी खात्री कोणासच नव्हती. म्हणून पांच हजारांचें नुकसान सोसून चिमाजीअप्पांनीं घाई केली ती अविचारानें नव्हे. त्यांचे पांच हजार देशावरून भरून येण्यासारखे होते, वेळ भरून येण्यासारखा नव्हता. उलट पोर्तुगीजांस वेळ हवा होता, आणि त्यांचे आठशें कोठूनहि भरून येण्यासारखे नव्हते. यास्तव माझें अनुमान असें कीं, १७३९ च्या मेंत दोन्ही पक्षांचें बळ वसईच्या तटापुरतें जवळजवळ तुल्य होतें, व तीन आठवड्यांच्या फरकानें निकाल लागला. जे या विजयास ठरलेला समजतात ते चिमाजीअप्पांची योग्यता कमीच करतात.

याच तटासमोर इ. स. १७८० च्या नोव्हेंबरांत गॉडर्ड आला, आणि डिसेंबरांत महिन्याभराच्या आंत त्यानें वसई मराठ्यांकडून घेतली. तोफा जड होत्या, त्या दुरून लागल्या, आणि पाठीमागें मुंबईचा समुद्र मोकळा होता.

कालाविषयीं आणखी एक सूचना, ती केवळ कागद हाताळणाऱ्यांसाठीं. मुंबईकर इंग्रज इ. स. १७५२ पर्यंत जुन्या पंचांगानें तारखा घालीत; त्या पोर्तुगीज तारखांपेक्षां अकरा दिवस मागें असतात. इंग्रजी कागदांतील ५ मे आणि पोर्तुगीजांचा १६ मे हा एकच दिवस. हें ध्यानांत न घेतल्यामुळें एकाच हल्ल्याचे दोन हल्ले झालेले मीं छापील पुस्तकांत पाहिले आहेत. तसेंच आपल्याकडे हा वेढा शके १६६० कालयुक्त संवत्सरीं सुरू होऊन शके १६६१ सिद्धार्थी संवत्सरीं संपतो. पण शुहूर सन मृगास पालटत असल्यामुळें त्या गणनेनें तो सगळा तिसा सलासीन मया व अलफ, म्हणजे ११३९ या एकाच सनांत पडतो. एकाच पथकाची हजिरी दोन शकांच्या दोन यादींत आली कीं उतावीळ माणूस ती बेरीज करून मोकळा होतो, व पथक दुप्पट होतें. फौजांचे फुगलेले आंकडे असेहि जन्मतात.

खरें बलाबल कळावयाचें तर रोजमुऱ्याच्या यादी, दाण्यागोट्याचा जिन्नसखर्च, दारूशिशाचा जमाखर्च, बेलदारांची मजुरी, गलबतांचें भाडें असे कागद पाहिजेत. दुर्दैवानें संग्राहकांस आवड शिक्क्यामोर्तबाच्या पत्रांची. आमच्या बाजूस जुनीं घरें पाडून इमारती होत आहेत, व माळ्यावरील दप्तरें खालीं येत आहेत. अशाच एका घरीं मला बोलावणें आलें. जाईतों दोन दिवस गेले. शिक्का असलेलीं चार पत्रें कोणी तत्पूर्वींच नेलीं होतीं, आणि राहिलेला रुमाल, ‘नुसता तांदूळ-हरभऱ्याचा हिशेब’ म्हणून, रद्दींत गेला होता. त्यांत कोणत्या सनाचा तांदूळ होता हें आतां कळण्याचा मार्ग नाहीं. वसईच्या देवळांतील घंटा भीमाशंकरीं व मेणवलीस अद्याप वाजतात. त्या जड होत्या म्हणून वांचल्या. कागद हलका.

ज्यांच्या संग्रहीं शुहूर ११३७ पासून ११३९ पर्यंतचे, वसई, साष्टी, माहीम किंवा अर्नाळा या ठाण्यांचे मोडी जमाखर्च असतील त्यांनीं ते कितीहि फाटके असले तरी टाकूं नयेत. आणि नक्कल करतांना मूळ मिति जशी असेल तशीच उतरावी, तिची इंग्रजी तारीख मनानें करूं नये. जिन्नसांत मण-शेराचें माप कोणत्या गांवचें धरलें आहे हें लिहिलेलें असल्यास तेंहि सोडूं नये, कारण वर मीं धरलेला चाळीस शेरांचा मण सर्वत्र लागू पडेलच असें नाहीं, आणि तो बदलला तर माझ्या साडेसातशें बैलांचा हिशेबहि बदलेल.